गोलांगसीआय-लिंट: फुकटचा, पण कान धरून शिकवणारा

निपाणीच्या एका तंबाखू अडत्यासाठी वजनाच्या पावत्यांची बेरीज करणारा छोटा प्रोग्राम मी गो भाषेत लिहिला आणि कोड खुला ठेवला. चार-पाच जणांनी हातभार लावला, पण एररशी वागायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एक जण पॅनिक करणार, म्हणजे प्रोग्रामच बंद पाडणार, दुसरा लॉग लिहून पुढं जाणार, तिसरा एरर सरळ अंडरस्कोअरमध्ये (_) टाकणार, म्हणजे फेकून देणार. काही पावत्यांवर वजन कन्नड आकड्यांत होतं. मजकुराची संख्या करणाऱ्या पार्सफ्लोट फंक्शनला ते आकडे कळत नाहीत; तो शून्य देतो आणि सोबत एरर. एरर फेकली गेली, शून्य बेरजेत गेलं. अडत्यांचा फोन : "माझी पोती कुठं गेली ओ?"

म्हणून गोलांगसीआय-लिंट बसवला. लिंटर म्हणजे कोड न चालवताच त्यातल्या चुका दाखवणारं साधन; यात असे बरेच लिंटर एकत्र आहेत. यातला 'एररचेक' मुळातच चालू असतो. फंक्शननं दिलेली एरर कुणी घेतलीच नाही, तर ओळ दाखवतो. मात्र अंडरस्कोअरमध्ये टाकलेली सोडून देतो! त्यासाठी 'चेक-ब्लँक' हे सेटिंग आपणच चालू करायचं. ज्या दुखण्यासाठी आणला, त्यावरच पहिल्या दिवशी गप्प.

खरं काम केलं 'एररलिंट'नं. तोही वेगळा चालू करावा लागतो. खानापूरच्या एका कॉलेजच्या पोरानं फाईल उघडायचा भाग सुधारून पाठवला. एरर वर, म्हणजे बोलावणाऱ्या फंक्शनकडे पाठवताना त्यानं संदेशात परसेंट-व्ही (%v) वापरला होता. संदेश वाचायला झकास, पण मूळ एररचा नुसता मजकूर उरतो. वरती मी एरर कोणती ते ओळखणाऱ्या 'एरर्स डॉट इज'नं विचारत होतो, फाईलच नाही काय? असेल तसं, तर नवी करायची. उत्तर कायम 'नाही'. परसेंट-डब्ल्यू (%w) लिहिलं की मूळ एरर आत शाबूत राहते. २०१९ च्या गो १.१३ पासूनची सोय. मी बोललो असतो तर तासभर वाद झाला असता. लिंटर बोलला तर, "बरोबर आहे की दादा," आणि दहा मिनिटांत दुरुस्ती.

एकच एरर खाली लॉग करून वर पुन्हा परत पाठवली, तर हे दोन्ही लिंटर काही बोलत नाहीत. ते अजून मीच रात्री जेवण झाल्यावर बघतो.

गोलांगसीआय-लिंटच्या २०२५ च्या दुसऱ्या आवृत्तीसाठी सेटिंगची फाईल 'मायग्रेट' कमांडनं बदलून मिळाली, पण तिच्यातल्या माझ्या टिपा गेल्या. पाचपैकी चार तारे. आणि हो, सारखी चूक मुळात तीनदाच दाखवतो. तीन दुरुस्त करून खूश झालो, पुन्हा चालवला, तर अजून तीन. 'मॅक्स-सेम-इश्यूज' हे सेटिंग आधी शून्य करा, म्हणजे ही मर्यादा जाते.