गोल्फच्या बुटांना धातूचे स्पाइक्स की प्लास्टिकचे: एकाच बुटात दोन्ही, आठ महिने

गेल्या जूनमध्ये, मृगाचा पाऊस नुकताच लागला होता, चौथ्या टीवर, म्हणजे चौथ्या होलचा पहिला फटका मारायच्या जागेवर, ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) मारताना माझा डावा पाय सटकला. पडलो नाही, पण चेंडू उजवीकडच्या बाभळींत गेला आणि कंबर धरली ती दोन दिवस. बुटांना दोन वर्षांपूर्वीचे सॉफ्ट स्पाइक्स, म्हणजे तळाला बसवायचे प्लास्टिकचे खिळे, होते. त्याच संध्याकाळी ठरवलं, बास झालं प्लास्टिक, आता धातूचेच लावायचे.

माझे बूट जुन्या घडणीचे आहेत. चामड्याचे, जड, तळाला धातूच्या बारीक आट्यांची भोकं, एका बुटाला नऊ. त्यांत धातूचे स्पाइक्स बसतात आणि त्याच आट्यांचे प्लास्टिकचेही मिळतात, त्यामुळे बूट न बदलता तुलना करता आली. हल्लीच्या बुटांत बहुधा फास्ट ट्विस्टसारखी पद्धत असते, जरा फिरवलं की खटकन बसतं. तुमचे बूट तसे असतील तर धातूचे शोधायला फार वणवण होईल, आधीच सांगतो.

दुसरी अडचण नियमांची. आमच्या क्लबात धातूच्या स्पाइक्सना बंदी आहे, लॉकर रूमच्या दारावर पाटीच आहे. म्हणून जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मी शहराबाहेरच्या एका नऊ होलच्या जुन्या मैदानावर खेळलो. तिथे कुणी कुणाच्या बुटाचा तळ बघत नाही.

आधी कौतुक करतो, कारण कौतुक करण्यासारखं आहे. आठ मिलिमीटरचे पोलादी खिळे, टोकाला टंगस्टन. ओल्या उतारावर उभं राहिलं की पाय जमिनीत रुजल्यासारखा वाटतो. आमच्याकडची काळी माती जूनमध्ये बुटाला लाडवासारखी चिकटते. प्लास्टिकच्या पाकळ्यांमध्ये ती आणि कापलेलं गवत असं काही गच्च बसतं, की तिसऱ्या होलपर्यंत तळ सपाट होतो. धातूचा खिळा मात्र चिखलातून आरपार जाऊन खालची घट्ट जमीन धरतो. माझं वजन ८६ किलो, हँडिकॅप १९, म्हणजे खेळ बेताचाच. ड्राइव्ह लांब गेले असं म्हणणार नाही, पण मारताना पायाची धास्ती गेली.

आता बाकीचं. गवतावर जो खिळा राजा, तोच फरशीवर तुम्हाला तोंडघशी पाडतो. पहिल्याच आठवड्यात चहाच्या टपरीपुढच्या ओल्या शहाबादी फरशीवर मी असा घसरलो, की हातातला ग्लास एका बाजूला आणि मी एका बाजूला. ज्या घसरण्यापायी हे स्पाइक्स घेतले, ते घसरणं असं वसूल झालं. सिमेंटच्या रस्त्यावर टाप-टाप आवाज होतो तो वेगळाच, टांगा आल्यासारखा. कडक मुरमावर दहा मिनिटं चाललं की एकेक खिळा तळव्याला जाणवायला लागतो, विशेषतः टाचेखाली. बूट चढवूनच गाडीत बसलो, तर पायाखालच्या मॅटला चाळणी पडली.

पण मला खरं गप्प केलं ते ग्रीननं, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीनं. त्या मैदानावर नेहमी एकच कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा, माझ्याबरोबर असे. तिसऱ्या की चौथ्या फेरीला तो म्हणाला, "साहेब, पाय उचलून चाला. तुम्ही पुढं गेलात की मागं कोळपणी केल्यागत दिसतं." मी वळून पाहिलं. पावसानं मऊ झालेलं ग्रीन, आणि जिथे जिथे मी पाय ओढला होता तिथे गवताची शेंडी उभी, शेजारी छोटी चीर. खाली वाकून एक शेंडी बोटानं दाबली, बसली नाही. मुळासकट उचकटली होती.

मग हिशेब केला. एका पावलाला नऊ भोकं. एका ग्रीनवर मी पंचवीस पावलं तरी चालतो, म्हणजे २२५ भोकं. चौघांनी धातूचे घातले तर एका ग्रीनवर नऊशे, आणि मागून येणाऱ्या चौघांची आणखी. आपल्याकडच्या ग्रीन्सवर बहुतेक ठिकाणी संकरित बर्म्युडा गवत असतं. बर्म्युडा म्हणजे हरळी, म्हणजेच दूर्वा. शेतात जी कितीही खणली तरी मरत नाही तीच. पण ग्रीनवर ती इतकी बारीक कापलेली असते, की तिच्यातला तो चिवटपणा निम्मा आपण आधीच काढून घेतलेला असतो.

२०१९च्या आधी तर ही फारच चीड आणणारी गोष्ट होती. पटच्या, म्हणजे ग्रीनवरून चेंडू होलकडे ढकलण्याच्या, रेषेत दुसऱ्याच्या स्पाइकची शेंडी उभी असली, तरी ती दाबायला परवानगी नव्हती. चेंडू पडून झालेला खड्डा आणि जुन्या होलची बुजवलेली खूण, एवढंच दुरुस्त करता यायचं. १ जानेवारी २०१९पासूनच्या नियमांत बुटांच्या खुणाही नीट करायची मुभा मिळाली. प्लास्टिकचे स्पाइक्स आले तेही या ग्रीन्सच्या काळजीतूनच. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, हिवाळ्यात ग्रीन्सची दैना होते म्हणून. पुढे बहुतेक क्लबांनी धातूला दार बंद केलं, तरी व्यावसायिक खेळाडूंमधले काही जण धातूचेच वापरत राहिले. टायगर वुड्सही बरीच वर्षं. त्यांच्या वेगानं कमरेतून वळणाऱ्या माणसाला ती पकड लागत असेल. मला लागते का, हा प्रश्न होता.

ऑगस्टच्या मध्याला धातूचे काढले आणि नव्या कोऱ्या प्लास्टिकचा सेट चढवला. इथे काढण्याबद्दल दोन शब्द, कारण माझी अख्खी दुपार त्यात गेली. पोलादी आट्यांत पोलादी खिळा, वर दोन महिन्यांचा पाऊस, म्हणजे गंज. पान्याची दोन टोकं ज्या भोकांत बसतात त्यांत माती दगडासारखी वाळलेली. ती दाभणानं कोरून काढली, गंजावरचा स्प्रे मारून अर्धा तास ठेवलं, तेव्हा पंधरा निघाले. उरलेले तीन कोपऱ्यावरच्या चप्पल शिवणाऱ्या काकांनी पकडीनं काढले. एकाचे आटे गेलेच. तेव्हापासून कुठलाही स्पाइक लावताना आट्यांना बोटभर व्हॅसलीन लावतो. प्लास्टिकचे अति आवळू नका, मान तुटते आणि तुकडा आत राहतो.

अदलाबदलीच्या मधल्या रविवारी एक आगाऊपणा केला: डाव्या पायात धातू, उजव्यात प्लास्टिक. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा सगळा भार शेवटी डाव्या पायावर येतो, तेव्हा तिथेच पकड हवी, असं माझं शास्त्र. पाऊल जागचं हललं नाही हे खरं, पण ते हललं नाही म्हणून सगळा पीळ गुडघ्यात गेला. सहाव्या होलनंतर लंगडायला लागलो. नव्या प्लास्टिकवर पाऊल केसभर फिरतं आणि माझ्या चोपन्न वर्षांच्या गुडघ्याला ते केसभर पुरतं.

गणपतीच्या आठवड्यात धो धो पाऊस होता. मुद्दाम गेलो, त्याच मैदानावर, त्याच चौथ्या टीवर. पाय सटकला नाही. घरी येऊन जूनमध्ये काढून ठेवलेले जुने प्लास्टिकचे स्पाइक्स डब्यातून काढले आणि नव्याशेजारी ठेवले. नव्याच्या पाकळ्या कोळ्याच्या पायांसारख्या बाहेर पसरलेल्या. जुन्याच्या झिजून नुसत्या गाठी उरलेल्या. उजव्या बुटाच्या चवड्याखालचे आणि डाव्याच्या बाहेरच्या कडेचे तर गुळगुळीत बटण. म्हणजे जूनमध्ये मी दोन वर्षं मुरमावर घासलेल्या प्लास्टिकला दोष देत होतो, आणि त्याची तुलना पाकिटातून काढलेल्या टंगस्टनशी करत होतो. बनवणारे पंधरा-वीस फेऱ्यांनंतर बदला म्हणतात, ते मी माल खपवायची युक्ती समजत होतो. माझ्या नोंदीप्रमाणे बाविसाव्या फेरीला पकड जाणवण्याइतकी कमी झाली.

सगळे अठरा एकदम बदलायची गरज नाही. जे आधी झिजतात ते सहा-सात मी डिसेंबरात बदलले, फेब्रुवारीपर्यंत काम भागलं. अख्ख्या सेटला मला साडेबाराशे पडले होते. स्पाइकशिवायचे, रबरी दाण्यांचे बूटही मेव्हण्याकडून मागून दोनदा घालून पाहिले. हिवाळ्यात झकास, पण काळ्या चिखलात नाव काढू नका.

धातूबद्दल एवढंच म्हणेन, की काळ्या मातीचा चढ-उतार, भर पाऊस आणि हरकत न घेणारं मैदान, या तिन्ही गोष्टी जमल्या तर ते अजूनही सरस आहेत. चिखल बसला की माझं नवं प्लास्टिकही पाच-सहा होलनंतर हार मानतं, काडीनं कोरावं लागतं. होलच्या सुरुवातीला टीवर उभं राहतानाच ते करतो, सवय झाली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात नवा सेट चढवायचा, असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. बायकोनं त्याच्याच खाली लिहिलंय: छत्र्या दुरुस्तीला टाकणे.