नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळचं मॅमोग्राफी सेंटर: फोटो उत्तम, सूचना अपुऱ्या

मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे. इथे मशीन डिजिटल, तंत्रज्ञ महिला आणि हात सराईत. प्रत्येक स्तनाचे दोन, एक वरून आणि एक तिरका, असे चार फोटो काढतात. तिरक्या फोटोत छातीचा स्नायू स्तनाग्राच्या पातळीपर्यंत दिसायला हवा, इथे दिसतो. तो कापला गेला तर काखेकडचा भाग तपासायचाच राहतो, आणि घाईगर्दीच्या ठिकाणी नेमकं हेच होतं. दाब काही सेकंदच असतो, पण नको नको म्हणून कमी दाबला तर ऊती एकमेकींवर चढून नसलेली गाठ दिसते.

उणीव फोनवरची. वेळ देताना पाळीची तारीख विचारत नाहीत. पाळी संपल्यानंतरचा आठवडा मागून घ्या, दुखतं कमी. काखेत पावडर किंवा डिओ नको. त्यांचे कण फोटोत कर्करोगाची शंका आणणाऱ्या कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे उमटतात.

रिपोर्टमध्ये बायरॅड्स श्रेणीसोबत (फोटोत दिसलेलं किती संशयास्पद, हे सांगणारा ० ते ६ मधला आकडा) स्तनाची घनताही लिहितात, हे विशेष. घनता 'सी' किंवा 'डी', म्हणजे ऊती दाट आणि गाठ लपू शकेल अशा, असेल तर सोनोग्राफीबद्दल डॉक्टरांना विचारा. श्रेणी ० म्हणजे 'काही नाही' नव्हे. तपासणी अपुरी आहे, आणखी फोटो लागतील. जुने रिपोर्ट आणि फिल्म मागितल्या नाहीत तरी काउंटरवर द्या.