गंधकाच्या नावाखाली आम्हाला रंगवलेली माती विकली

लसूणघास या चारापिकाची कापणीनंतरची फूट पिवळी आली. पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर होता, काड्या बारीक होत्या, खालची जुनी पानं मात्र हिरवीच. नत्र कमी असतं तर आधी खालची पानं पिवळी पडली असती. कळी धरताना शेंड्याकडचा १५ सेंटिमीटर भाग कापून तपासायला दिला, तर गंधक पुरेसा मानल्या जाणाऱ्या ०.२५ टक्क्यांच्याही खाली निघाला. म्हणजे गंधकाची गरज खरी होती. या घासाच्या एक टन सुक्या चाऱ्याबरोबर जमिनीतून साधारण अडीच ते तीन किलो गंधक निघून जातो, आणि कापण्या तर वर्षभर चालतात.

विक्रेत्याने ‘९० टक्के बेंटोनाइट गंधक’ (बेंटोनाइट या चिकणमातीत मिसळून दाणेदार केलेला गंधक) म्हणून पिवळे दाणे दिले. पावतीवर नुसतं ‘गंधक खत’ लिहिलं, बॅच नंबर नाही. आणि एक गोष्ट त्याने बजावून सांगितली: "हा गंधक हळू लागू होतो, घाई करू नका."

इथेच मेख आहे, कारण हे वाक्य खरं आहे. मूळ रूपातला गंधक पिकाला घेता येत नाही. थायोबॅसिलससारखे जिवाणू जमिनीत त्याचं सल्फेट करतात, मग ते मुळांना मिळतं. जमीन थंड किंवा कोरडी असेल, गंधकाचे कण जाड असतील, तर यात महिने जातात. हीच सबब तो वापरत राहिला. पुढच्या कापणीला म्हणाला, जिवाणूंना वेळ द्या. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाला, पाणी कमी पडलं. मग म्हणाला, आणखी पोती टाका. खरं खतही सावकाशच लागू होतं, मग खोटं ओळखायचं कसं?

आम्ही त्याच शेतात एक पट्टा आखून जिप्सम टाकलं. त्यातला गंधक आधीच सल्फेटच्या रूपात असतो, शुद्ध जिप्सममध्ये सुमारे १८ टक्के. पाणी दिल्यावर त्या पट्ट्यातली पुढचीच फूट हिरवीगार आली आणि काड्याही जाड झाल्या. शेजारी पिवळे दाणे टाकलेला घास होता तसाच. मग न उघडलेल्या पोत्यातला नमुना प्रयोगशाळेत दिला. गंधक नावापुरता, बाकी रंग दिलेली चिकणमाती. त्यानंतर विक्रेत्याने फोन उचलणंच सोडलं. आमच्यासारख्या किती जणांची जनावरं निकृष्ट चाऱ्यावर राहिली असतील, याचा संताप अजून जात नाही.

दाणा पाण्यात टाकून फुटला म्हणजे माल खरा, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बेंटोनाइट ही मातीच आहे, ती एकटीही पाण्यात फुगून फुटते. पाण्याला पिवळा रंग सुटला तर मात्र संशय घ्या, कारण गंधक पाण्यात विरघळत नाही. चिमूटभर भुकटी उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहून पेटवली तर गंधक निळ्या ज्योतीने जळतो आणि नाकाला झोंबणारा वायू सुटतो; तो विषारी आहे, हुंगू नका. माती जळत नाही. पण यातून गंधक आहे की नाही एवढंच कळतं, किती टक्के ते नाही. ते प्रयोगशाळाच सांगेल. म्हणून पावतीवर खताचं पूर्ण नाव, टक्केवारी आणि बॅच नंबर लिहून घ्या, आणि अहवाल येईपर्यंत एक पोतं शिवण न उसवता बाजूला ठेवा. तक्रार करताना आमच्या हाती असं न उघडलेलं पोतं एवढाच पुरावा होता.