कॅव्हिटी फिल्टरच्या जोडकेबली: अंबडच्या एका कार्यशाळेचे काम

रिपीटरच्या (रेडिओ संदेश ऐकून तो पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या संचाच्या) डुप्लेक्सरमधील (एकाच अँटेनावर प्रक्षेपण आणि ग्रहण वेगळे ठेवणाऱ्या फिल्टर-संचातील) कॅव्हिटी, म्हणजे ठरावीक वारंवारतेला जुळवलेले धातूचे पोकळ डबे, एकमेकींना जोडणाऱ्या केबली मापात करून देणारा कारागीर नाशिकमध्ये सहज सापडत नाही. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कार्यशाळेकडे १४५ मेगाहर्ट्झच्या नॉच (एक ठरावीक वारंवारता दाबणाऱ्या) कॅव्हिटींसाठी मी हे काम दिले. मोजमापाच्या शिस्तीबाबत तिला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत.

नॉचच्या वारंवारतेला कॅव्हिटी आपल्या टी-कनेक्टरपाशी जवळजवळ शॉर्ट (शून्याजवळचा रोध) निर्माण करते. विद्युतदृष्ट्या पाव तरंगलांबी पुढे तोच शॉर्ट ओपनसारखा (तुटलेल्या जोडणीसारखा) दिसतो, म्हणून दुसऱ्या कॅव्हिटीला पूर्ण जोर लावता येतो आणि दोघींचे एकत्रित क्षीणन नुसत्या बेरजेपेक्षा सुमारे ६ डेसिबलने जास्त भरते. १४५ मेगाहर्ट्झला हवेतील पाव तरंगलांबी ५१.७ सेंटीमीटर येते, तर घन पॉलिएथिलीनच्या केबलमध्ये ०.६६ या वेग-गुणकामुळे (केबलमधील लहरीच्या वेगाचे प्रकाशाच्या वेगाशी गुणोत्तर) ती ३४.१ सेंटीमीटर होते. फोमच्या केबलींचा गुणक बहुधा ०.८ किंवा त्याहून जास्त असल्याने दुसऱ्याच्या डुप्लेक्सरवरून उतरवलेले माप इथे कामाचे नाही.

मी ३४.१ हा आकडा लिहूनच नेला होता. तो बाजूला ठेवून कारागिराने आधी माझे टी-कनेक्टर मागितले. लांबी एका टीच्या मध्यापासून दुसऱ्या टीच्या मध्यापर्यंत धरायची असल्यामुळे टीच्या भुजा आणि एन-कनेक्टर वजा जाऊन प्रत्यक्ष तार बरीच आखूड कापावी लागते. मग त्याच रिळातील एक तुकडा कापून, त्याचे टोक मोकळे ठेवून, ॲनलायझरवर (वारंवारतेनुसार रोध मोजणाऱ्या यंत्रावर) इम्पिडन्स, म्हणजे रोध, तळाला जाणारी पहिली वारंवारता त्याने शोधली आणि त्यावरून त्या रिळाचा खरा गुणक काढला. छापील गुणकावर न विसंबणारा माणूस या धंद्यात विरळाच!

तक्रार आहे ती केबलच्या निवडीबद्दल. दुहेरी जाळीची (तारेच्या दोन वेष्टनांची) आरजी-२१४ केबल संदेशाची गळती रोखण्यासाठी उत्तमच, पण इतक्या आखूड अंतरात ती वळता वळत नाही आणि कनेक्टरवर ताण येतो. दाटीवाटीच्या डुप्लेक्सरसाठी बारीक, तरीही दुहेरी जाळीची आरजी-१४२ आग्रहाने मागावी. तिचा गुणक ०.७ च्या आसपास असल्याने माप मात्र नव्याने काढून घ्यावे. केबल पोहोचत नसेल तर पाऊण तरंगलांबीची चालते, परंतु तिचा पट्टा अरुंद होतो आणि थोडी हानीही वाढते. दर चढे आहेत, तेव्हा काम देण्याआधी ते लेखी घ्यावेत.