पाना आपल्या हातात की मिस्त्रीच्या? खानापूर-बेळगाव पट्ट्यातल्या फोर बाय फोरवाल्यांसाठी

जुनी जीप, जिप्सी किंवा थार दारात आली की पहिल्याच पावसाळ्यात प्रश्न पडतो: देखभाल घरच्या अंगणात करायची, चौकातल्या मिस्त्रीकडे द्यायची, की कंपनीच्या वर्कशॉपला गाडी लावायची? बहुतेक जण याचं उत्तर पैशांत शोधतात. माझ्या मते पैसा दुसऱ्या नंबरावर. आधी बघायचं ते हे, की काम उद्यापर्यंत थांबू शकतं का, आणि चुकलं तर काय होईल. जे थांबू शकत नाही ते स्वतः शिकून घ्या. जे चुकलं तर ब्रेक लागणार नाही किंवा स्टिअरिंग दगा देईल, ते पैसे मोजून करून घ्या. मधलं जे उरतं त्यावर खुशाल वाद घाला.

थांबू न शकणारं काम म्हणजे पाण्याचं. जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे, म्हणजे मलप्रभेच्या उगमाकडे, पावसाळ्यात शेताच्या वाटेवर ओढा आडवा येतोच. तासभर चालून तापलेलं डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलच्या मधला दात्यांचा गोळा, त्या गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते. ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायचं तोंड, चिखलाने बुजला असेल तर बाहेरची हवा ओढली जाते ती सीलच्या कडेने, आणि हवेच्या जागी येतं पाणी. गाडी घरी पोचते, आवाज नाही, गळती नाही. मिस्त्री म्हणतो सोमवारी आणा. तोवर बेअरिंगवर आणि क्राऊन-पिनियनच्या दात्यांवर गंज धरायला सुरुवात झालेली असते.

हे तपासायला दहा मिनिटं पुरतात. गाडी सपाट जागी लावा, हाउसिंगच्या मधल्या भागाचा फिलर प्लग खोला, करंगळी वाकवून आत घाला. ऑइल भोकाच्या खालच्या कडेला लागलं पाहिजे आणि बोटावर ते मधासारखं पारदर्शक किंवा वापराने काळसर दिसलं पाहिजे. दुधाच्या कॉफीचा रंग दिसला तर पाणी गेलं, त्याच रात्री ऑइल काढायचं. काढताना आमच्याकडचा मिस्त्री एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, "आधी वरचा खोला ओ, मग खालचा." कारण सरळ आहे: खालून सगळं ऑइल सोडून दिलं आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर भरणार कुठून? ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा राखाडी लगदा नेहमीचाच. पण नखाने उचलता येईल असा तुकडा सापडला तर हात थांबवा, आता ते काम मिस्त्रीचं.

हेच काम बाहेर दिलं तर काय फरक पडतो? घरी केल्याने मजुरी फारशी वाचत नाही, खरं सांगायचं तर. फरक पडतो ऑइलचा. डिफरन्शियलला जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल लागतं. जुन्या गिअरबॉक्सला मात्र बऱ्याचदा जीएल-4, कारण गिअर अलगद जुळवणाऱ्या सिंक्रोच्या पितळी रिंगांना काही जीएल-5 ऑइलमधली द्रव्यं मानवत नाहीत. गर्दीच्या गॅरेजात एकाच ड्रममधलं "नव्वद नंबर" दोन्हीकडे भरलं जाण्याची शक्यता असते. स्वतः डबा आणून समोर उभं राहिलात तरी हा प्रश्न सुटतो, त्यासाठी पाना धरायलाच हवा असं नाही. आणि काढलेलं ऑइल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. डब्यात भरून भंगारवाल्याला द्या.

ब्रीदरचा पाइप वाढवून वर घेणं हेही घरचंच काम. डिझेल चालेल असा रबरी पाइप, दोन क्लिपा, बस्स. 2020 च्या थारला कंपनी 650 मिमी पाण्याची मर्यादा सांगते. जुन्या गाडीला असा आकडा नसतो. पाणी चाकाच्या हबच्या मध्यापर्यंत आलं की ऑइल बघायचं, एवढा नियम ठेवा.

आता गाडी अजून घ्यायचीच असेल, तर स्वतः काम करण्याच्या दृष्टीने कोणती?

विलिस या मूळ अमेरिकन जीपच्या घराण्यातली जुनी महिंद्रा जीप, एमएम 540 वगैरे, सगळ्यांत उघडी. बॉनेट उचललं की प्रत्येक गोष्ट दिसते आणि हात जातो. चारी बाजूंना पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), जागोजागी ग्रीसचे निपल, मेकॅनिकल पंपाचं डिझेल इंजिन. फिल्टर बदलताना हवा शिरली तर हँड प्राइमर (हाताने डिझेल चढवायचा पंप) मारून, बोल्ट सैल करून ती रस्त्यावर काढता येते. पण या गाड्यांत एक गोम आहे. चॅसिस आणि ॲक्सलचे बरेच नट-बोल्ट इंची, इंजिनचे मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिमी; त्यावर 13 चा पाना चढतो, थोडा खुळखुळतो, आणि जोर लावला की बोल्टाचं डोकं गोल होतं. 9/16 वर 14 चढतच नाही, 15 घसरतो. म्हणजे पान्यांचे दोन सेट हवेत. शिवाय या जीपचा हँडब्रेक चाकांवर लागत नाही, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या शाफ्टवर लागतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक उलटं फिरू शकतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. नव्या माणसाला हे ठाऊक नसतं आणि तो थेट खाली शिरतो. दुसऱ्या बाजूच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावल्याशिवाय या गाडीला जॅक लावूच नका.

मारुतीची जिप्सी 1985 पासूनची, तीही चारी बाजूंना पाट्यांवर, दोन्हीकडे अखंड ॲक्सल. मेट्रिक पाने, 10, 12, 14, 17 मध्ये बहुतेक काम उरकतं. पेट्रोल इंजिन हलकं आणि मोकळं. स्वतः शिकायला मी हीच सुचवेन. मात्र पुढच्या ॲक्सलच्या टोकाला, नकलच्या (चाक वळतं त्या सांध्याच्या) गोळ्याभोवतीचा सील घेण्याआधी बघा. तिथून ग्रीस आणि चिखल मिळून काळा ओघळ आला असेल तर आतल्या किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळीच्या, बेअरिंगपर्यंत पाणी पोचलंय असं धरा. लष्करी लिलावातून निघालेल्या गाड्या आपल्या छावणीच्या गावात विकायला दिसतात. त्यांचा रंग नवा असतो, सील नवे असतीलच असं नाही.

थारमध्ये दोन पिढ्या. 2010 च्या सीआरडीई थारला मागे पाटे आहेत, पण इंजिन कॉमन रेल: इंजेक्टरच्या पाइपात दाब हजार बारच्या वर जातो, तो नट चालू इंजिनवर सैल केला तर डिझेलची धार कातडीतून आत शिरते. जुन्या जीपची हवा काढायची सवय इथे जिवावर बेतेल. 2020 च्या थारमध्ये तर डिझेलला धुराच्या नळीत काजळीचा फिल्टर आहे, त्याला कमी राखेचंच इंजिन ऑइल लागतं. एबीएस, एअरबॅग, सेन्सर ही सगळी स्कॅनरवाल्याची कामं. वॉरंटी चालू असेपर्यंत कंपनीचं वर्कशॉप हेच उत्तर, हट्ट करू नका. तुमच्या वाट्याला धुणं, एअर फिल्टर, टायरची हवा आणि डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी सोडणं एवढंच राहतं, आणि तेवढं पुष्कळ आहे.

मातीनेही गणित बदलतं. खानापूर बाजूला जांभ्याची तांबडी धूळ. उन्हाळ्यात दोन गाड्यांच्या मागे चाललात की कागदी फिल्टर बुजतो. जुन्या जीपमध्ये ऑइल बाथ फिल्टर (ऑइलच्या वाटीत धूळ धरणारा) असेल तर वाटी काढून तळाचा गाळ डिझेलने धुवायचा, नवं ऑइल खुणेपर्यंत भरायचं. कागदी फिल्टरला कॉम्प्रेसरची जोरात हवा मारली की कागद फाटतो. आतून बाहेर, हलक्या हाताने, आणि शंका आली की नवा. अथणी-गोकाक बाजूच्या काळ्या रानात त्रास वेगळा: चिखल रिमच्या आत बसून वाळतो आणि डांबरीवर आलं की स्टिअरिंग थरथरतं. अलाइनमेंटवाल्याकडे जाण्याआधी रिम आतून धुवा. निम्म्या वेळा तिथंच काम भागतं.

मिस्त्री कुठे निर्विवाद पुढे? क्राऊन-पिनियनचं बॅकलॅश (दात्यांमधला मोकळा खेळ) बसवणं, किंगपिनच्या शिमा (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या), दाबून बसवायची बेअरिंग, गिअरबॉक्स उघडणं. इथे हाताची सवय लागते आणि प्रेस लागते. यात बेळगावकरांचं नशीब थोर. उद्यमबागेत लेथ, मिलिंग, फौंड्री सगळं आहे; झिजलेला शाफ्ट, आटे गेलेलं हाउसिंग, बाजारात न मिळणारा बुश, नमुना दाखवला की करून मिळतो. सुटा भाग बेळगावात नसला तर कोल्हापूर आणि हुबळी दोन्हीकडे हात पोचतो. म्हणून मोठं काम अडलं की घरी झटत बसण्यापेक्षा भाग स्वतः सोडवून, नीट पुसून, लेथवाल्याकडे नेणं हा मधला मार्ग मला सगळ्यांत आवडतो. सोडवण्या-बसवण्याची मजुरी वाचते आणि मोजमापाचं काम जाणत्याकडे राहतं.

ब्रेक आणि स्टिअरिंगबद्दल माझं मत कडक आहे. पॅड किती उरलेत, पाइपला चीर आहे का, टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा) खेळतोय का, हे बघणं तुमचं. उघडणं मिस्त्रीचं, निदान पहिली काही वर्षं. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कुणीही शिरायचं नाही. दोन चांगल्या घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) घ्या, मऊ मातीत त्यांच्याखाली जाड फळी.

थोडक्यात कुणी काय करावं? आठवड्याला एकदा चोर्ला घाटाकडे चक्कर मारणाऱ्या नोकरदाराने जिप्सी घ्यावी, ऑइल-ग्रीस-फिल्टर स्वतः, बाकी ओळखीचा मिस्त्री. रोज शेतावर जुनी जीप नेणाऱ्याला पर्यायच नाही, त्याला निम्मं काम यायलाच हवं, कारण गाडी अडली तर दूधही अडतं. नव्या थारवाल्याने वर्कशॉपची पावती जपावी. टायर मोठे करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि वॉरंटीची पुस्तिका, दोन्ही वाचावीत.

कामाला लागायचं असेल तर पहिली खरेदी ग्रीस गनची करा. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात, खानापूरला असो की निपाणीला, ती मिळते. ट्रॅक्टरच्या निपलला चालते ती सहसा जीपलाही चालते. निपल आधी फडक्याने पुसायचा, नाहीतर त्याच्यावरची वाळू ग्रीसबरोबर आत जाते. प्रॉपेलर शाफ्टच्या (ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) सांध्यातल्या क्रॉसमध्ये चारी टोकांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबायचं. तीन टोकांतून आलं आणि चौथं कोरडं राहिलं तर त्या टोकाची वाट बुजली आहे, आणि क्रॉस बदलायची वेळ जवळ आली.