धावता ठेका, संथ आवाज : ‘वॉकिंग वून्डेड’

‘एव्हरीथिंग बट द गर्ल’ या ब्रिटिश जोडीचा ‘वॉकिंग वून्डेड’ हा अल्बम १९९६ साली आला, तोवर जोडीतल्या गायिका ट्रेसी थॉर्न आणि संगीतकार बेन वॉट यांचे नाव जॅझ आणि बोसा नोव्हा या ब्राझिली संगीतशैलीच्या वळणाच्या हळुवार गाण्यांशी जोडलेले होते. १९८४च्या ‘ईडन’ या अल्बमने ती ओळख घडवली होती. १९९२ साली वॉट गंभीर आजारातून बचावले, १९९४ साली थॉर्न ‘मॅसिव्ह अटॅक’ या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतगटासाठी गायल्या आणि पुढे अमेरिकी डीजे टॉड टेरी यांनी केलेले या जोडीच्या ‘मिसिंग’ गाण्याचे रीमिक्स जगभर गाजले. ‘वॉकिंग वून्डेड’मधल्या इलेक्ट्रॉनिक वळणामागे हे सारे आहे.

माझ्या मते या अल्बमचा गाभा त्याच्या शीर्षकगीतात आहे. ‘स्प्रिंग हील जॅक’ या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक जोडीच्या साथीने केलेल्या या गाण्यात ‘ड्रम अँड बेस’ या वेगवान नृत्यसंगीताचा ठेका अखंड धावत असतो, पण बेस (खर्जातले सूर) आणि आवाज मात्र जणू त्याच्या निम्म्या लयीत चालतात. ठाय-दुगुनीचे, म्हणजे मूळ लय आणि तिच्या दुप्पट लयीचे, नाते ज्याच्या कानात मुरलेले आहे, अशा आपल्याकडच्या श्रोत्याला ही बांधणी चटकन उमगेल. थॉर्न हरकती घेत नाहीत, स्वर उगाच चढवत नाहीत. शब्द जवळजवळ बोलल्यासारखा ठेवतात आणि ओळीची अखेर सावकाश सोडून देतात. जॅझच्या तालमीत कमावलेला हा संयम त्यांनी यंत्राच्या ठेक्यावरही सोडलेला नाही, म्हणूनच इथले दुःख खरे वाटते.

‘सिंगल’मध्ये हॉटेलातून फोन करणारी स्त्री, आपल्याला जोडीदार हवा आहे की एकटेपणच मानवते आहे, हे स्वतःशीच तपासत राहते आणि गाणे तिच्या वतीने निकाल देत नाही, हे मला फार मोलाचे वाटते. ‘मिररबॉल’ सरलेल्या तारुण्याकडे वळून पाहते. ‘राँग’ नाचायला उत्तम आहे. मनात मात्र तितके रेंगाळत नाही.

ठाणे-वाशी लोकलच्या खडखडाटात साधे इअरफोन लावून हा अल्बम ऐकू नये. ऐरोली मागे पडेपर्यंत कानाशी केवळ झांजांची चुरचुर उरते आणि ज्या बेसवर आवाज विसावला आहे, तोच हरवतो. रात्री घरी, चांगल्या हेडफोनवर, सलग ऐकावा.

अखेरची दोन रीमिक्स मात्र मला अनावश्यक वाटतात. नऊ गाण्यांनी जमवलेली चिंतनशील लय ती विस्कटून टाकतात, त्यामुळे ‘गुड कॉप बॅड कॉप’ संपले की मी अल्बम बंद करतो.