अक्षरे जुळवून बनलेल्या छोट्या इंग्रजी शब्दांचे अर्थ कुठे पाहावेत : फोनवरचे ॲप की छापील स्क्रॅबल कोश?

स्क्रॅबल हा पटावर अक्षरांच्या टाइल्स मांडून शब्द बनवण्याचा खेळ मनापासून खेळू लागलेल्या माणसापुढे काही महिन्यांतच एक अडचण उभी राहते. हातातल्या सात टाइल्समधून दोन, तीन, चार अक्षरी शब्द बनतात खरे, पण त्यांतल्या बऱ्याच शब्दांचा अर्थ ठाऊक नसतो. तो शोधण्याचे आज मुख्यतः दोन मार्ग आहेत : विस्कटलेली अक्षरे दिली की त्यांतून बनणारे शब्द अर्थासह दाखवणारे फोनवरचे ॲप, किंवा या खेळासाठीच तयार केलेला छापील कोश. मी चार वर्षे पहिला मार्ग वापरला आणि गेली तीन वर्षे दुसरा वापरतो आहे, त्यामुळे निवड करू पाहणाऱ्याला माझ्या अनुभवाचा थोडाफार उपयोग व्हावा.

अर्थ कळलाच पाहिजे असे नाही, हे मला मान्य आहे. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. त्यांनी शब्दांच्या याद्या पाठ केल्या होत्या. ज्यांची स्मरणशक्ती तशी आहे त्यांनी पुढचे वाचले नाही तरी चालेल. मला मात्र अर्थाशिवाय शब्द लक्षात राहत नाही, आणि आमच्या घरी नियमच असा आहे की ज्याने शब्द मांडला त्याला विचारल्यावर अर्थ सांगता आला पाहिजे. हा नियम माझ्या थोरल्या भावाचा. दादा आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवत होता, आणि कोणताही शब्द अर्थावाचून पटावर राहिलेला त्याला आवडत नाही.

ॲपची मोठी सोय अशी की ते अक्षरांकडून शब्दाकडे नेते. ए, ई आणि टी ही तीन अक्षरे टंकली की क्षणात पाच शब्द समोर येतात : चहा, खाणे, खाल्ले, ईटा हे ग्रीक अक्षर आणि टी-ए-ई हा स्कॉटिश शब्द. कोणताही कोश वर्णानुक्रमाने लावलेला असल्यामुळे त्यात शोधायला शब्द आधी सुचावा लागतो. जो शब्द सुचतच नाही तो कोशात कितीही पाने उलटली तरी हाती लागत नाही. शिवाय ॲप फुकट आहे आणि लोकलमध्ये उभ्याउभ्याही वापरता येते. नवशिक्याला यामुळे जो हुरूप येतो तो मी स्वतः अनुभवला आहे, आणि त्याला कमी लेखणे योग्य होणार नाही.

तरीही मी ॲप सोडले, आणि ते ए-एल या दोन अक्षरांमुळे. एका रविवारी मी पटावरच्या एका शब्दाला लागून माझा शब्द असा बसवला होता की आडवा ए-एल तयार होत होता आणि सत्तावीस गुण मिळत होते. ए-एल चालतो हे मला यादीतून माहीत होते. दादाने अर्थ विचारला. मी ॲप उघडले, तर तिथे पहिला अर्थ ॲल्युमिनियम आणि दुसरा अमेरिकेतील अलाबामा राज्य असा होता. दादा शांतपणे म्हणाला, “अरे, एक चिन्ह झालं आणि दुसरं राज्याचं संक्षिप्त नाव. दोन्ही नियमात बसत नाहीत. उचल टाइल्स.” मी उचलल्या. त्याचे म्हणणे त्या अर्थांपुरते अगदी बरोबर होते, आणि शब्दही बरोबर होता. चुकीचा होता तो मला दाखवला गेलेला अर्थ.

असे का होते हे नंतर शोधल्यावर उलगडले. मी वापरत असलेल्या ॲपच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की अर्थ वर्डनेटमधून घेतले आहेत. वर्डनेट हा प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांच्या पुढाकाराने १९८५ पासून उभारलेला शब्दसंग्रह आहे. त्यात फक्त नामे, क्रियापदे, विशेषणे आणि क्रियाविशेषणे आहेत. सर्वनामे, शब्दयोगी अव्यये आणि उभयान्वयी अव्यये मुळातच नाहीत. ज्या संशोधनासाठी तो उभारला गेला त्यासाठी ते योग्यच आहे. परंतु त्यामुळे ‘तो’ या अर्थाच्या एच-ई पुढे हीलियम हे मूलद्रव्य येते, ‘आत’ या अर्थाच्या आय-एन पुढे इंच हे माप येते, आणि दक्षिण अमेरिकेतील तीन बोटांच्या स्लॉथचे नाव असलेल्या ए-आय पुढे संगणकशास्त्राची शाखा आधी येते. मोठ्या शब्दांना हा त्रास फारसा जाणवत नाही. दोन-तीन अक्षरी शब्दांना, म्हणजे नेमका जिथे अर्थ हवा असतो तिथे, तो सतत होतो.

त्याच आठवड्यात मी मेरियम-वेबस्टर या अमेरिकन प्रकाशकाचा स्क्रॅबल कोश विकत घेतला. ए-एल उघडून पाहिला तर अर्थ होता एक पूर्वेकडचे झाड, म्हणजे ज्याच्या मुळांपासून आपल्याकडे कापडासाठी लाल रंग काढत ते आल, ज्याला आपण बारतोंडीही म्हणतो. आपल्याच मातीतले झाड मी ॲल्युमिनियम समजून पटावरून उचलले होते, याची मला त्या दिवशी खरोखर हळहळ वाटली. पुढे के-ओ-एस या नोंदीत आपला कोसही भेटला. हे शब्द आता विसरणे शक्य नाही.

कोशाचा दुसरा लाभ खेळातला आहे. अर्थासोबत शब्दाची जात आणि रूपेही दिलेली असल्यामुळे शेवटी एस लागेल की नाही हे कळते. एच-एम, एस-एच, पी-एस-टी हे उद्गार आहेत, त्यांना एस लागत नाही. टी-ए-ई अमेरिकन कोशात केवळ ‘कडे, ला’ अशा अर्थाचा शब्द आहे, म्हणून तोही एस घेत नाही. कॉलिन्स या ब्रिटिश प्रकाशकाच्या यादीत मात्र तो क्रियापद असल्यामुळे घेतो. ॲपमधील एका ओळीच्या अर्थात हे मला कधी सापडले नाही.

या उदाहरणावरूनच कोणता कोश घ्यावा हा प्रश्न येतो. केवळ घरी खेळणाऱ्याला मेरियम-वेबस्टरचा पुरेल. त्यात आठ अक्षरांपर्यंतचे मूळ शब्द थोडक्या अर्थासह आहेत. भारतातील स्पर्धांत उतरायचे असेल तर तिथे कॉलिन्सची यादी चालते, आणि ती बरीच मोठी आहे : २०१९ च्या आवृत्तीत दोन अक्षरी शब्द १२७, तर उत्तर अमेरिकेच्या तेव्हाच्या यादीत १०७. याक आणि गाय यांच्या संकरातून झालेल्या हिमालयातील जनावराचा झेड-ओ अमेरिकन कोशात मिळणार नाही.

शब्द सुचवून घेण्यासाठी सरावाच्या वेळी ॲप ठेवायला माझी हरकत नाही, मीही अधूनमधून ठेवतो. अर्थ मात्र मी कोशातूनच घेतो. कॉलिन्सचे पुस्तक घेताना एक काळजी घ्यावी. एकाच प्रकाशकाची दोन पुस्तके सारखी दिसतात, त्यांतल्या एकात केवळ शब्दांची यादी असते आणि दुसऱ्यात अर्थ असतात. दुकानात पैसे देण्यापूर्वी ए-एल चे पान उघडावे, आणि त्या दोन अक्षरांपुढे अर्थ दिसला तरच पुस्तक घ्यावे.